वरच्या बाईंचा डबा

मी मूठ वर केली. आमच्या कामात मूठ म्हणजे थांब. लोखंडी साचा थांबला, पण श्वासभर उशिरानं, आणि साखळ्यांवर डुलत राहिला. क्रेन चालवणाऱ्या बाईंना आम्ही वरच्या बाई म्हणतो; त्या वर असताना असं कधी झालं नव्हतं. खाली ओझ्याला साखळ्या बांधायच्या आणि क्रेनला हातानं खुणा करायच्या हे माझं काम, त्यामुळे निम्मं आयुष्य मान वर करून बाईंकडे बघण्यात गेलंय. त्यावरून माझी बायको मला अजून टोमणे मारते.

ओझं टेकवून बाई शिडी उतरल्या तेव्हा घामानं निथळत होत्या, हात थरथरत होते. फोरमन म्हणाला, आता वय झालं, स्टोअरमध्ये बसा, तिथं पंखा आहे. महिनाअखेरीला पंपाचं मोठं कवच बसवायचं होतं. तोवर सावरल्या तर ठीक, नाहीतर क्रेनवर दुसरा माणूस. आमच्या शेडमधली क्रेन चालवणारी पहिली बाई ती. तिनं स्टोअरमध्ये खिळे वाटत बसायचं, हे माझ्या काही घशाखाली उतरेना.

क्रेनवाल्यांची जुनी रीत अशी की एकदा वर गेलं की सुटी होईपर्यंत खाली यायचं नाही. केबिन तापलेली, हात ग्रीसनं माखलेले, तिथं डबा कोण उघडणार? पाणीसुद्धा बेतानंच प्यायचं, नाहीतर मधेच उतरावं लागतं. गोड चहा आणि बिस्किटं यांवर दिवस काढायचा. बाईंना या रीतीचा अभिमान होता. त्यात कंबर सुटायला लागली म्हणून नणंदेनं कान भरले, आणि घरीही त्यांनी पाव-भात सोडला, तेलाचा थेंब सोडला. रात्री नुसती उकडलेली भाजी.

शेवटी बाई दवाखान्यात गेल्या. तिथल्या नर्सनं रक्त तपासलं, रक्तदाब बघितला. दोन्ही ठीक निघालं. मग खाता काय, असं विचारलं आणि उत्तर ऐकून कपाळाला हात लावला. पाळी जायच्या वयात हाडं आणि स्नायू झिजायला लागतात, तेव्हा दर जेवणात अंडी, मासे, कडधान्य, दही यातलं काहीतरी हवंच. पाव खायचा, पण कोंड्यासकटचा. भाजी भरपूर, थोडं तेल, मूठभर अक्रोड नाहीतर शेंगदाणे. अंगातून वाफा निघून घाम फुटतो ते यानं थांबेलच असं नाही, पण हातातलं बळ टिकेल, असं तिनं स्वच्छ सांगितलं.

बाईंनी मला हे समजावलं ते आमच्या कामाच्या भाषेत.

"भाऊ, ओझं तीन साखळ्यांवर आहे. त्यातली एक सोडली तर?"

"कलंडेल."

"मी ताटातल्या दोन सोडल्या होत्या, कडधान्य आणि पाव. उरली नुसती भाजी," त्या म्हणाल्या आणि स्वतःशीच हसल्या.

पण असं जेवायचं तर खाली यायला हवं, आणि क्रेन थांबली की सगळी शेड थांबते. फोरमननं नेमकं हेच ऐकवलं. आजवर कुणी उतरलं नाही, म्हणाला. तेव्हा बाई सगळ्यांदेखत, आवाज न चढवता बोलल्या.

"साहेब, माझी पाळी जातेय, हात गेलेले नाहीत. दुपारी मी जेवायला खाली येणार."

फोरमनला कुठं बघावं ते कळेना. माझी मात्र छाती फुगली, जसं काही मीच बोललो होतो.

कवच बसवायच्या दिवशी ते ट्रॉलीवर तयार होतं आणि जेवणाची घंटा झाली. फोरमन घड्याळ बघत उभा राहिला. बाई उतरल्या, हात धुतले, एका खोक्यावर बसून डबा उघडला. दोन अंडी, शिजवलेला राजमा, पाव, गाजर, अक्रोड. सावकाश जेवल्या. घाई करा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

मग त्या वर गेल्या. कवच हवेत असतानाच त्यांना घाम फुटला. मला खालून दिसलं. त्यांनी एका बाहीनं कपाळ पुसलं, दुसरा हात दांड्यावरून हलला नाही. मी तळवा खाली खाली नेत गेलो आणि ते प्रचंड धूड खुंट्यांवर अलगद बसलं. मूठ वर केली, तशी साखळी जागच्या जागी थांबली. आमच्या बाई आहेत त्या, असं मी शेजारच्याला उगाचच सांगितलं. त्याला ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाची घंटा झाली आणि पलीकडच्या शेडमधली क्रेनही थांबली. तिच्यावरचा म्हातारा, डबा काखेत धरून, एकेक पायरी उतरत होता.