तीन राजांच्या आधी

त्या नाताळच्या सुट्टीत एलोयच्या बुडाखाली कोणी निखारे ठेवले होते कोण जाणे. सिनेमा लागला की जरा वेळाने तो उठायचाच. कधी पाणी प्यायला, कधी खिडकी नीट लागली आहे का बघायला, कधी नुसताच. बाहेर सोरिया शहराची हाडं गोठवणारी थंडी, आत ऊब, ताटलीत तुरोन म्हणजे बदामाच्या वड्या, सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसलेली दहा वर्षांची लेक आणि पडद्यावर रोज नवा सिनेमा. एवढं असूनही ज्याला स्वस्थ बसता येत नाही त्याला काय म्हणावं!

"बाबा, बस ना रे!" नेरेआ वैतागून म्हणायची.

"सापडला का तो कुत्रा?"

"कुत्र्याचा सिनेमा काल झाला. हा दुसरा आहे."

सगळ्याचं मूळ होतं त्याच्या आईच्या कपाटावर, जाड रजयांच्या मागे. तिथे कागदात गुंडाळलेला एक व्हिडिओ गेम होता. त्या वर्षी पोरांच्या तोंडी दुसरं नावच नव्हतं. एकाच दोराला बांधलेले दोन गिर्यारोहक. एक घसरला की दुसऱ्याने ओढून धरायचं. एकट्याला तो खेळताच येत नाही, आणि एकदा शिखर गाठलं की गंमत संपली. नेरेआने तो बाळ येशूला भेटी आणणाऱ्या तीन राजांकडे मागितला होता. आणि राजे तर पोरांसाठी भेटी घेऊन येतात सहा जानेवारीच्या पहाटे. तीस डिसेंबरला संध्याकाळी नेरेआ आईकडे, लोग्रोन्योला जायची होती. घटस्फोटानंतर सुट्टीचे दोन तुकडे झाले होते, आणि यंदा राजांचा तुकडा तिच्या आईच्या, बेगोन्याच्या वाट्याला आला होता.

बेगोन्याकडे भिंतभर टीव्ही होता आणि इवान होता. इवान म्हणजे तिचा आताचा माणूस. स्वभावाने वाईट नाही, हीच तर पंचाईत. तिकडेही राजे तोच खेळ ठेवणार याबद्दल एलोयच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. सहा तारखेला नाश्ता आटोपला की इवान आणि नेरेआ डोंगर चढायला लागणार, दुपारपर्यंत शिखर. मग अर्धा जानेवारी सरल्यावर पोरगी इकडे येणार आणि बापाबरोबर खेळताना जांभया देणार. तो खेळ तिने पहिल्यांदा आपल्याबरोबर खेळावा, एवढंच त्याला हवं होतं. त्यापायी जीव नुसता टांगणीला लागला होता.

चोवीस तारखेला त्याने आईजवळ विषय काढून पाहिला होता. फेलिसाबाई ओट्याशी कोळंबी सोलत उभ्या होत्या.

"आई, उद्या सकाळीच देऊन टाकू का गं? म्हणू, नाताळबाबाने, पापा नोएलने आणला. हल्ली सगळे देतात."

"त्या लाल जाड्याने या घरात अजून पाऊल टाकलेलं नाही, आणि मी आहे तोवर टाकणार नाही. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! राजे ठेवतील तेव्हा ठेवतील, पोरगी येईल तेव्हा घेईल."

"येईल कधी? पार अर्धा जानेवारी गेल्यावर?"

"मग? शिळा व्हायला तो पाव आहे का?"

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. चार दिवस एलोयने कसेबसे काढले. अठ्ठावीसला सकाळी तो पाव आणायला गेला तेव्हा दुकानातली बाई उगाचच हसली, शेजारचा म्हातारा हसला, रस्त्यात दोन शाळकरी पोरी खिदळल्या. एलोयचं कुठे लक्ष होतं! त्याच्या डोक्यात फक्त एक होतं, आता दोनच दिवस उरले. घरी आला तर फेलिसाबाई चर्चला गेलेल्या. एवढी संधी पुरे होती. कोटही न काढता त्याने खुर्चीवर चढून पुडकं काढलं, बैठकीच्या खोलीत आला आणि लेकीच्या मांडीवर ठेवलं.

"घे. राजांनी तुझ्यापुरतं जरा आधी पाठवलंय."

नेरेआने पुडक्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि सोफ्यावर आडवी होऊन हसत सुटली.

"बाबा! आज अठ्ठावीस तारीख आहे! पाठीला हात लाव, पाठीला!"

त्याने हात लावला. कोटाला कागदाचा बाहुला चिकटवलेला. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. आज थापांचा दिवस, इथला एप्रिल फूल. आज अख्खा देश एकमेकांना फसवणार, आणि हा शहाणा आजच खरी भेट घेऊन उभा.

"काय भरलंस आत? बटाटे?"

"अगं खरंच तुझं आहे. उघड तरी."

"छट्! आजीने सकाळी कोकोत मीठ घातलं, तेव्हाच मी ठरवलं, आज कुणाचं काही उघडायचं नाही."

"तुझी शपथ, नेरेआ."

"आजीनेही शपथच घेतली होती."

एलोयचा धीर सुटला. त्याने पुडकं उचललं, कागद टराटरा फाडला आणि डबा तिच्यासमोर धरला. आता ही उडी मारणार, गळ्यात पडणार, असं त्याला वाटलं होतं. पण नेरेआचं हसू जागच्या जागी विरलं. ती डब्याकडे बघतच राहिली आणि तिची हनुवटी थरथरायला लागली.

"हे का केलंस तू?"

"तुला हवा होता ना?"

"राजांकडून हवा होता! इथे, आजीच्या घरी!"

"अगं पण तिकडे तर तो असणारच..."

"नाहीये तिकडे! तिकडे मी रंग मागितलेत. आणि बूट." तिने बाहीने नाक पुसलं. "आई म्हणाली, यंदा राजे आमच्याकडे, मधे इकडे यायचं नाही. मग मी विचारलं, पण आजीकडे राजांनी माझं काही ठेवलं असेल तर? ते तर त्याच दिवशी घ्यावं लागतं, ठेवून कसं चालेल? मग आई म्हणाली, तसं असेल तर त्याच दुपारी नेऊन सोडीन, एक रात्र राहा." आता ती सरळ रडायलाच लागली. "आता काय सांगू मी आईला? कशाला जायचंय म्हणून?"

एलोयला आनंद झाला, आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशीही वाटली. तो इकडे इवानच्या नावाने जळत येरझाऱ्या घालत होता, आणि पोरीने सगळं कधीच जमवून ठेवलं होतं.

"मी करतो फोन. सांगतो आईला..."

"नको! तू फोन केलास की तुम्ही भांडता."

तेवढ्यात दार वाजलं. फेलिसाबाई आत आल्या, जमिनीवरचा फाटका कागद त्यांनी पाहिला, नातीचे लाल डोळे पाहिले, मुलाचं तोंड पाहिलं.

"काय झालं?"

नेरेआने डोळे पुसले.

"काही नाही, आजी. बाबाने मला फसवलं. थापांचं पुडकं होतं. आत काहीच नव्हतं."

फेलिसाबाईंना डबा काही दिसत नव्हता असं नाही. त्यांनी मुलावर अशी एक नजर टाकली की चाळिशीतला तो बाप्या मान खाली घालून उभा राहिला.

"काहीच नव्हतं ना? मग ते आण इकडे. माझ्याकडे दुसरा कागद आहे."

दुपारी जेवण झाल्यावर बेगोन्याचा फोन आला. नेरेआ तिच्याशी बोलली, कोकोतल्या मिठाची तक्रार केली, आणि मग घाबरून फोन बापापुढे धरला.

"तुला दे म्हणतेय."

"एलोय," बेगोन्या म्हणाली, "घाटात बर्फ पडतंय. सहा तारखेला एवढ्या लांब गाडी काढायची तर मला खरं सांग. राजे नक्की काही ठेवणार आहेत तिथे? काय ठेवणार आहेत?"

नेरेआ श्वास रोखून त्याच्याकडे बघत होती.

"काय ते मला नाही माहीत," एलोय म्हणाला. "मी कुठे पाहिलंय? पण तिने ते त्याच दिवशी येऊन उघडावं, असं मला फार वाटतं."

एवढ्या वर्षांत त्याने तिच्याकडे सरळ काही मागितलंच नव्हतं.

"बरं," बेगोन्या म्हणाली. "आणते."