हेन्रिएटाचं गार बोट

शुक्रवारी संध्याकाळी कॉर्विन्सबर्गच्या जुन्या पशुखाद्य गिरणीबाहेर लागलेली रांग चर्चला वळसा घालून थेट पेट्रोल पंपापर्यंत पोचली होती. प्रत्येकाच्या एका हातात सफरचंदाच्या गरम रसाचा पेला होता आणि दुसरा हात स्वतःच्या मानेवर. मानेवर अशासाठी, की हेन्रिएटा नेमकं मानेलाच बोट लावत होती.

ऑक्टोबरअखेरचा भुतांचा सण, हॅलोविन, जवळ आला की ओहायोच्या या भागात गावागणिक एक तरी भुताचं घर उघडतं; लोक तिकीट काढून घाबरायला जातात. कॉर्विन्सबर्गचं घर या गिरणीत होतं आणि ते शाळेच्या बँडमधल्या मुलांचे आईबाप चालवत. गावचा दंतवैद्य शवपेटीत झोपे, पोस्टातली बाई चेटकीण होई. दारावर मोठी पाटी होती : ‘आमची भुतं तुम्हाला हात लावणार नाहीत. तुम्हीही त्यांना लावू नका.’ या धंद्यातला हा पहिला नियम, आणि भुतं तो माणसांपेक्षा काटेकोरपणे पाळतात.

त्यामुळे यंदा शेवटच्या खोलीत, म्हणजे नवरीच्या खोलीत, लोकांच्या मानेवरून बर्फासारखं गार, ओलं बोट फिरू लागलं तेव्हा हा कुणाचा चावटपणा असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. आमची भुतं हात लावत नाहीत. कुणीतरी हात लावला. म्हणजे तो आमच्या भुताचा नव्हे. मग उरलं कोण? खरं भूत. हा तर्क इतका गुळगुळीत होता की सगळं गाव त्यावरून घसरलं.

हेन्रिएटा म्हणजे गिरणीच्या तळ्यात लग्नाच्या पोशाखासकट बुडालेली नवरी. नवऱ्यानं ऐनवेळी दगा दिला म्हणून तिनं जीव दिला. ही करुण कहाणी सहा वर्षांपूर्वी बर्ल स्टॅकहाउस नावाच्या सुतारानं सँडविच खाता खाता रचली होती, कारण जाहिरातीत थोडी जागा रिकामी राहिली होती. नाव त्यानं आपल्या पहिल्या ट्रकचं दिलं. हे साऱ्या गावाला माहीत होतं. तरी या आठवड्यात तळ्याच्या काठी कुणीतरी फुलं ठेवली होती. त्यातला एक गुच्छ बर्लचा होता.

रांगेच्या तोंडाशी पिंपावर चढून ‘प्रोफेसर’ ड्वेन ओडम बोलत होते. कुठल्या विद्यापीठाचे प्रोफेसर, हे कुणी विचारलं नव्हतं. शेजारच्या जिल्ह्यातून व्हॅन घेऊन ते आले होते. अंगात पुष्कळ खिशांचा काळा शर्ट, हातात लुकलुकणारं यंत्र.

“मंडळी, ऊर्जा कधी नष्ट होत नाही. हे मी नाही म्हणत, विज्ञान म्हणतं. मग बुडालेल्या नवरीची ऊर्जा गेली कुठे? आणि बोट मानेलाच का लागतं? कारण माणसाचा खोटेपणा मानेच्या दुसऱ्या मणक्यात साठतो. तुमची कंपनं आणि नवरीची कंपनं जुळली, की बोट लागलंच. ज्याला लागलं, तो आपल्या नवरीला दगा देणार. आज नाही तर उद्या. उपाय आहे. हे कंपनरोधक मीठ उशीखाली ठेवायचं.”

बोट बास्केटबॉलच्या प्रशिक्षकांना लागलं होतं. त्यांच्या बायकोनं त्यांची उशी गॅरेजमध्ये नेऊन ठेवली होती. बँकेच्या मॅनेजरना लागलं होतं. पास्टरसाहेबांनाही लागलं. ते अविवाहित होते, पण प्रोफेसरांनी खुलासा केला की ते पुढे लग्न करतील आणि मग दगा देतील. व्हॉलीबॉल संघाच्या कप्तान मुलीला लागलं, तेव्हा तिच्या बाबतीत दगा उलटा धरायचा असं ठरलं.

आणि बोट वेंडेल केस्टरसनला लागलं होतं. पुढच्या शनिवारी त्याचं टॅम्सिन रॉयरशी लग्न होतं.

वेंडेलची थोरली बहीण व्हर्ला रांगेत उभी राहून हे सगळं ऐकत होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची, आणि दर ऑक्टोबरात आसपासची सगळी भुताची घरं हिंडून गावच्या साप्ताहिकात शिफारशी लिहायची : कुठे जावं, कुठे जाऊ नये, कुठे लहान पोरांना नेऊ नये. प्रत्येक घराला ताऱ्यांऐवजी एक ते पाच भोपळे द्यायची; पाच म्हणजे सर्वांत उत्तम. भुतांवर तिचं प्रेम होतं. फक्त ती तिकिटाच्या आत राहावीत एवढीच तिची अपेक्षा असे.

“प्रोफेसर, ते यंत्र जरा बघू?” तिनं विचारलं.

“जपून. संवेदनशील आहे.”

व्हर्लानं ते पॉपकॉर्नच्या यंत्राजवळ नेलं. ते ठणाणा करू लागलं. मग दिव्याच्या वायरीजवळ नेलं. तिथेही तेच.

“पॉपकॉर्नमध्ये पण एखादी नवरी बुडालेली दिसते,” ती म्हणाली.

“श्रद्धा नसेल तर यंत्र गोंधळतं,” असं म्हणून प्रोफेसरांनी ते काढून घेतलं.

शनिवारी सकाळी ती भावाकडे गेली. वेंडेल स्वयंपाकघरात मान खाली घालून बसला होता. त्याची उंची साडेसहा फुटांच्या आसपास, त्यामुळे मान खाली घातली तरी ती बरीच वर होती. समोर टॅम्सिन कॉफी ढवळत होती. साखर केव्हाच विरघळली होती.

“पुन्हा गेला होतास?” व्हर्लानं विचारलं.

“निर्दोष आहे हे सिद्ध करायला.”

“कितव्यांदा?”

“चौथ्यांदा. चारही वेळा लागलं.”

“शाबास. स्वतःच्याच विरुद्ध चारदा साक्ष दिलीस.”

टॅम्सिन हसली नाही. “माझा विश्वास आहे गं त्याच्यावर. पण आई म्हणते, ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवणार नाही आणि लग्नाला येणारही नाही. तुला माहितीये ना, बाबा आम्हाला सोडून गेले तेव्हा सगळ्या गावाला आधी कळलं होतं, आईलाच शेवटी कळलं. तिला वाटतं, या वेळी निदान कुणीतरी आधी सांगतंय.”

व्हर्लानं तिच्या हातातला चमचा काढून बाजूला ठेवला. टॅम्सिनची आई आर्लीन रॉयर मूर्ख नव्हत्या. एकदा पोळलेल्या होत्या, आणि त्यांच्या त्या जखमेवर प्रोफेसर मीठ विकत होते.

“उद्या संध्याकाळपर्यंत ती पास्टरना नक्की काय ते कळवणार आहे,” टॅम्सिन म्हणाली. “तिच्याशिवाय मी नाही उभी राहू शकत, व्हर्ला.”

“बरं. मग आज बघू. प्रशिक्षक, मॅनेजर, पास्टर, व्हॉलीबॉलवाली आणि हा. या सगळ्यांत सारखं काय आहे?”

“पाप?” वेंडेलनं चाचरत विचारलं.

“उंची.”

वेंडेल विचारात पडला. “म्हणजे उंच माणसं जास्त दगा देतात?”

“उंच माणसं जास्त वाकतात, बावळटा. त्या खोलीत मधोमध तुळई आहे. मी तिच्याखालून ताठ जाते. तुला मान खाली घालावी लागते.”

एवढं बोलून तिनं खुर्चीवर टाकलेली आपली लोकरीची टोपी उचलली आणि टाळूच्या जागी चाचपून पाहिली. मग ती थेट गिरणीकडे निघाली.

गिरणीत बर्लकाका तुटलेली शवपेटी ठोकत बसले होते.

“काका, नवरीच्या खोलीत यंदा नवीन काय आहे?”

“हेन्रिएटा.”

“ती सोडून.”

“ती सोडून काही नाही. हां, धुराची पेटी हलवली. धूर गरम असतो ना, वर उडून जातो. बर्फाच्या पेटीतून सोडला की गार होऊन जमिनीवर पसरतो. गेल्या वर्षी पेटी आत होती, पोरं अडखळायची. यंदा खिडकीबाहेर ठेवली आणि छताखालून पत्र्याचा पाइप आणला.”

“तुळईवरून?”

“तुळईच्या अलीकडून. तिथे जरा झोल आलाय पाइपाला.” बर्लकाकांनी आवाज खाली आणला. “पण तू एकटी जाऊ नकोस तिथे.”

“काका, हेन्रिएटा तुम्हीच बनवलीत ना?”

“बनवली मीच. म्हणून ती माझं ऐकेल असं थोडंच आहे? मुलगाही माझाच आहे. तो ऐकतो का?”

शनिवारी दुपारी तिथे लहान मुलांसाठी तासभर दिवे लावून सगळं दाखवत. तेव्हा धूर बंद असे. संध्याकाळी धूर चालू असे, तेव्हा दिवे बंद असत. म्हणजे धूर आणि उजेड हे दोन्ही त्या खोलीत यंदा एकदाही एकत्र आले नव्हते. व्हर्लानं एवढंच मागितलं : आज दिवे लावायचे, धूरही सोडायचा, आणि किंकाळ्यांची ध्वनिफीत बंद ठेवायची.

मधमाशा, भोपळे आणि दोन डायनासोर अशा वेशातली पोरं आपापल्या आयांसह खोलीत दाटीवाटीनं उभी राहिली. मागे वेंडेल, टॅम्सिन, बास्केटबॉलचे प्रशिक्षक, आणि पर्स छातीशी धरलेल्या आर्लीनबाई. प्रोफेसर दारातूनच म्हणाले, “उजेडात नवरी येत नसते. हा तिचा अपमान आहे.”

थोडा वेळ काहीच झालं नाही. घोट्यांपर्यंत पांढरा धूर चढला. खोलीतली हवा माणसांच्या श्वासांनी दमट झाली. मग शांततेत आवाज आला.

टप.

“पावलं,” प्रोफेसर पुटपुटले.

टप.

“एका पायाची आहे का?” व्हर्लानं विचारलं आणि वर बोट दाखवलं.

पत्र्याच्या पाइपावर दव साचलं होतं. थेंब उतारावरून सरकत झोलापाशी जमत होते, तिथल्या बोल्टला क्षणभर लोंबत होते आणि खाली पडत होते.

“उन्हाळ्यात फ्रिजमधून सोड्याचा डबा काढला की त्याला बाहेरून घाम येतो ना, तसंच आहे हे,” ती म्हणाली. “आत बर्फासारखा धूर, बाहेर तुमचे श्वास. थेंब सगळ्यांवर पडतो. बुटक्यांच्या टोपीवर पडतो, त्यांना कळत नाही. काल रात्री मी इथून गेले, तर माझी टोपी सकाळी टाळूवर अजून ओलसर होती. उंच माणूस तुळईसाठी वाकतो, कॉलर आणि केस यांच्यामधली मान उघडी पडते. अंधार, भीती, आणि मानेवरून घरंगळणारा गार थेंब. बोट नाहीतर काय वाटणार?”

“ती पाण्यातच बुडाली ना पण,” आर्लीनबाई हळूच म्हणाल्या. “ओली असणारच.”

“मिसेस रॉयर, तुम्ही बुटक्या आहात. तुम्हाला बोट लागलेलं नाही. या खोक्यावर चढता?”

आर्लीनबाईंनी आधी प्रोफेसरांकडे पाहिलं, मग मुलीकडे. टॅम्सिननं हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि दुधाच्या बाटल्यांच्या खोक्यावर त्या चढल्या. तुळई कपाळाशी आली. त्यांनी मान खाली घातली. दोन्ही डायनासोर श्वास रोखून बघत राहिले.

“आई गं,” आर्लीनबाई म्हणाल्या.

“लागलं?”

“लागलं.”

“मग आता तुम्ही कुठल्या नवरीला दगा देणार?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. प्रोफेसर पुढे आले. “यात नवल काय? हुशार आत्मा आहे. पाइपाचा वापर करायला शिकलाय.”

“असेल. मग पाइपाला फडकं गुंडाळू. बुडूनही न संपलेली ऊर्जा फडक्याला अडते का, बघू या.”

बर्लकाकांनी जाड टॉवेल आणून पाइपाला गुंडाळला, वर चिकटपट्टी मारली. वेंडेल तुळईखालून वाकून गेला. परत आला. पुन्हा गेला. चारदा बोट लागलं होतं, म्हणून तो हट्टानं आठदा गेला. मान कोरडी. मग प्रशिक्षक गेले, आणि बाहेर येता येता फोन काढून बायकोला म्हणाले, “मार्लिस, उशी आत आण.”

आता प्रोफेसर काय म्हणतात म्हणून सगळे दाराकडे वळले. दारात मिठाची पिशवी होती. व्हॅन सुरू झाल्याचा आवाज आला.

आर्लीनबाई अजून खोक्यावरच उभ्या होत्या. तिथून त्या पहिल्यांदाच जावयाच्या डोळ्यांच्या पातळीवर आल्या होत्या.

“तुझ्या मनात काय आहे, ते ना यंत्राला कळतं ना पाइपाला,” त्या वेंडेलला म्हणाल्या. “मला कसं कळायचं मग?”

“रविवारी जेवायला येत जाईन,” वेंडेल म्हणाला. “बघत राहा.”

त्यांनी पर्स उघडली. “वाक जरा.” तो वाकला. त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि कोरडीच असलेली त्याची मान पुसली. मग टॅम्सिनला म्हणाल्या, “ऑर्गनला सराव लागेल. आठवडाभर हात लावला नाहीये मी.”

बुधवारच्या साप्ताहिकात व्हर्लाचा लेख आला. कॉर्विन्सबर्गच्या गिरणीला तिनं पाच भोपळे दिले होते. शेवटी तिनं लिहिलं होतं :

‘जरूर जा. पोटभर घाबरा, किंचाळा, शेजाऱ्याचा दंड धरा. त्यासाठीच हे घर आहे. पण बाहेर पडताना भीती आतच ठेवून या. तिच्या भरवशावर कुणाचं लग्न मोडू नका, कुणाची उशी गॅरेजमध्ये टाकू नका. काही अजब घडलं तर तीन साधे प्रश्न विचारा : यंदा नवीन काय आहे? हे कुणाला घडतं आणि कुणाला घडत नाही? दिवा लावला तर काय दिसतं? आणि दिवा लावू नका असं जो सांगेल, त्याच्याकडून मीठ घेऊ नका.’

लेख वाचून बर्लकाकांनी तिला फोन केला. “पोरी, सगळं पटलं. फक्त एक सांग. तळ्यावरची फुलं आता काढू का?”

“राहू द्या, काका. ट्रक चांगला होता ना?”

“फार चांगला होता गं,” बर्लकाका म्हणाले.