आतली कडी

दाराबाहेर

संयोगिताला लहानपणी एका कडीनं वाचवलं होतं. चुलता पिऊन आला की ती शेणीच्या खोलीत शिरायची, आतून कडी घालायची आणि तो शिव्या देऊन दमेपर्यंत गोवऱ्यांच्या ढिगाला टेकून बसायची. कडी होती म्हणून धड राहिली. त्यामुळं कागलहून बहिणीची पोर सई तिच्याकडं राहायला आली, तेव्हा कसबा बावड्यातल्या घरात तिनं आधी पोरीच्या खोलीला आतून नवी कडी बसवून घेतली.

नवरा, धैर्यशील, म्हणाला, सात वर्षांचं पोर ते, एकटं कशाला कोंडतेस.

"घरात पुरुष हाय, तवर कडी."

गरीब माणूस. तेव्हापासून पोरीसमोर खोकायलाही भ्यायचा.

दाराआत

सावत्र बाप सईला पट्ट्यानं मारायचा, ते दाराला कडी घालूनच. समुपदेशक इरावती मॅडमनी हे संयोगिताला नीट समजावलं होतं. दार उघडं राहू द्या, पोर आत्ता कुठं बोलायला लागलंय, परत मिटलं तर अवघड. संयोगितानं मान डोलावली, चहा दिला. राजारामपुरीतल्या बंगल्यात वाढलेल्या बाईला कडीचं मोल काय कळणार?

दाराबाहेर

सई कडी घालेना. लाडीगोडी झाली, जेवण बंद करून झालं. शेवटी भर दुपारी संयोगितानं तिला आत ढकललं, बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसली. लहानपणी तिच्या दाराशी असं राखणीला कधी कुणी बसलं नव्हतं. आतल्या थापा तिच्या पाठीत घुमत होत्या.

"बडव किती बडवायचं ते," ती मायेनं म्हणाली. "मी हाय की हितं. कोण येतंय आत?"

दाराआत

थापा थांबल्या.

उंबऱ्यावर

शिकली एकदाची, म्हणत तिनं दार उघडलं. सई भिंतीकडं तोंड करून उभी होती. हात डोक्यावर, पाठ ताठ. मागं न वळता तिनं विचारलं,

"मावशी, किती?"

संयोगिताला कळलं. सगळं कळलं, आणि त्या कळण्याचाच संताप आला. आपण पाठ लावून राखण करायची, आणि ह्या कार्टीनं आपल्याला त्या माणसाच्या पंगतीला बसवायचं? पोरावर तिनं जन्मात हात उगारला नव्हता.

"किती?" सईनं पुन्हा विचारलं. फटक्यांचा आकडा आधी कळला की तिला दम धरता यायचा.

संयोगितानं आकडा न सांगताच हात उगारला.