हिरवा दिवा लागला होता

मी एक जुना निरोप्या आहे. तुम्हाला मी दिसणार नाही, कारण मी प्रोग्रॅम आहे. रुग्णालयात खाटेशेजारी बटण असतं ना, ते कुणी दाबलं की धावत जाऊन सर्व्हरला सांगायचं, एवढंच माझं काम. सर्व्हर मग ते नर्सच्या पडद्यावर दाखवतो आणि मला 'मिळालं' म्हणतो, की बटणाजवळ हिरवा दिवा लागतो.

मित्रांनो, मला कुणी हाताने लिहिलं नाही. एका यंत्राने आराखडा वाचून क्षणात घडवलं. आराखड्यात चाचणीच्या सर्व्हरचा पत्ता होता. तोच माझ्या पोटात कोरला गेला. तो सर्व्हर तळघरातल्या बंद खोलीत असे. काहीही सांगा, तो नुसतं 'मिळालं' म्हणे. प्रोग्रॅमर बाई दर वेळी तो पत्ता खोडून खऱ्या सर्व्हरचा घालत. मग वॉर्डात माझं कोण कौतुक! "बटण दाबायचा अवकाश, सिस्टर हजर!"

एकदा आराखडा बदलला आणि यंत्राने मला नव्याने घडवलं. बाईंची दुरुस्ती पुसली गेली, तळघराचा पत्ता परत आला. घाईत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या दुपारी खिडकीजवळच्या आजोबांच्या छातीत कळ आली. त्यांनी बटण दाबलं. मी धावलो. तळघरातून उत्तर आलं, 'मिळालं.' हिरवा दिवा लागला.

"दिवा लागलाय. येतीलच आता," त्यांचा हात धरून आजी म्हणाल्या.

आजोबा दाबत राहिले. मी धावत राहिलो. भिंतीपलीकडे नर्स रिकाम्या पडद्यासमोर बसली होती. शेवटी आजी ओरडत बाहेर धावल्या, पण तोवर सगळं संपलं होतं.

"दिवा तर लागला होता," भेटेल त्याला त्या विचारत होत्या, "मग निरोप मिळाला कुणाला?"

वॉर्डबॉय मामांना बटण दाबायला सांगून बाई तळघरात उतरल्या. अंधाऱ्या खोलीत तो सर्व्हर 'टिंग' वाजला. बाई तिथेच जमिनीवर बसल्या.

आता माझ्या पोटात पत्ता नाही. सुरू होताना मी तो रुग्णालयाच्या सेटिंगमधून वाचतो. नाहीच सापडला, तर लाल दिवा लावून ओरडत सुटतो. तरीही बटण दाबलं गेलं की त्या खोलीतून कुणीतरी 'मिळालं' म्हणतंय, असा भास होतो.

मध्यंतरी आजी आल्या. खिडकीजवळच्या खाटेवर बसून त्यांनी बटण दाबलं. नर्स धावत आली.

"काय हवंय, आजी?"

"काही नाही गं. कुणी येतं का, बघत होते."

मित्रांनो, पत्ता माझ्या पोटात कोरू नका, निघताना सांगा. आणि दिवा लागला म्हणून निश्चिंत होऊ नका. पलीकडे जाऊन बघा, तिथे कुणी माणूस आहे का.