दहा घरांचे दहा नंबर

मी मोबाईल बोलतोय. म्हणजे खरं तर बोलत नाहीये. मराठीत तर एक शब्दही नाही. तीच माझी जीवनकथा आहे, आणि ती लांबत नाही, घाबरू नका.

माझा जन्म कोरियातल्या एका कारखान्यात झाला. त्या दिवशी आम्ही हजारो भावंडं एकदम जन्मलो, त्यामुळे बारसं वगैरे काही झालं नाही. पाठीवर नंबर चिकटवला आणि दिलं पाठवून अमेरिकेला. तिथल्या एका कंपनीने मला घेतलं आणि सगळ्यात आधी माझ्या पोटात कुलूप घातलं. त्या कंपनीचं सिमकार्ड असेल तरच मी बोलायचं. दुसऱ्या कोणाचं घातलं तर आठ आकडी कोड मागायचा. कोड बरोबर आला तर कुलूप उघडायचं, मग जगातलं कुठलंही सिम चालेल. दहा वेळा चुकला तर कुलूप कायमचं.

तो कोड मला पहिल्या दिवसापासून पाठ आहे. सांगायची परवानगी नाही. चुका मोजायच्या, पण किती झाल्या तेही सांगायचं नाही. मी जन्माने मोबाईल असलो तरी वृत्तीने कारकूनच.

माझा पहिला मालक म्हणजे शहापूरजवळ भातसानगरला धरणावर जे मोठे इंजिनिअर साहेब होते, त्यांचा अमेरिकेतला मुलगा. त्याने मला वर्षभर वापरलं आणि नवीन मोबाईल आल्यावर मोज्यांच्या खणात टाकलं. मोज्यांबद्दल मी काही बोलणार नाही. पुढे साहेब मुलाकडे राहायला आले आणि परत जाताना मला बॅगेत घालून इकडे घेऊन आले.

साहेबांच्या हाताखाली जयराम नावाचा चौकीदार होता. एकतीस वर्षं धरणावर पहारा. दोन हजार चारच्या नोव्हेंबरात तो रिटायर झाला. निरोपसमारंभात शाल दिली, नारळ दिला, आणि मग साहेबांनी सगळ्यांदेखत मला काढलं. "जयराम, मुंबईला पाणी पाजलंस, आता घरी बसून मुंबईशी बोल." टाळ्या पडल्या. जयराम रडला. साहेबांना कुलपाचं माहीत नव्हतं. मला होतं. मी गप्प.

जयरामचं गाव वैशाखरे, मुरबाडहून माळशेजला जाणाऱ्या रस्त्यावर. गावाच्या कडेला बौद्धवाडी, घरं अकरा. घरात बायको सोनूबाई आणि मुलगी पौर्णिमा. पौर्णिमाने कल्याणला रक्त-लघवी तपासायचा कोर्स केला होता. वाडीत तेवढं शिकलेली ती पहिलीच.

माझ्या चार्जरच्या पिना अमेरिकन, चपट्या. त्या आपल्या भोकात बसत नाहीत. सोनूबाईने दोन काड्यापेटीच्या काड्या ठोकून बसवल्या. ठिणगी उडाली, मी चार्ज झालो. मग पौर्णिमाने सरकारी कंपनीचं नवीन सिम आणलं, कारण आमच्याकडे रेंज फक्त त्याचीच, तीही विहाराच्या ओट्यावर दोन दांड्या. सिम माझ्या पोटात घातलं. मी इंग्रजीत कोड मागितला.

"काय बोलतो गो?" जयराम म्हणाला.

"नंबर मागतो, आबा. कुलूप हाय त्याला."

"मंग चावी?"

"अमेरिकेत."

जयरामने मला रुमालाने पुसलं. मग म्हणाला, "बरोबर हाय. भारी वस्तूला कुलूप असतंच."

पुढे मला कल्याणला नेलं. तिथल्या एका दुकानदाराने उलटंपालटं करून सांगितलं, "ठेवून जावा, दोन दिवसांत खोलून देतो." पण जयरामने मला परत खिशात घातलं. साहेबांनी स्वतःच्या हातानं दिलेली वस्तू परक्याच्या टेबलावर दोन रात्री? एकतीस वर्षांत त्याने धरण कधी असं सोडलं नव्हतं. "मग कोड आणा," दुकानदार म्हणाला. "आठ आकडी असतो. घरीच उघडेल." दहा वेळांचं तो बोलला नाही. त्याच्या तोंडात गुटखा होता, जेवढं बोलला तेवढंच खूप.

म्हणून जयरामने बूथवरून साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "मुलाला विचारून कोड कळवतो. कुठल्या नंबरवर कळवू?"

जयरामने अभिमानाने माझाच नंबर दिला.

हे तुम्ही परत एकदा वाचू शकता. मी कितीदा तरी वाचलंय.

आता खरी गोष्ट. त्याच सुमारास पौर्णिमाने कल्याणच्या एका दवाखान्यात इंटरव्ह्यू दिला. लॅबमधली एकच जागा, यादीत हिचा नंबर दुसरा. पहिली नाही आली तर हिला फोन येणार होता. फॉर्मवर फोननंबरचा रकाना होता. ती अनिकेतचा नंबर लिहिणार होती. अनिकेत वाडीतलाच, मुरबाडला जीप चालवायचा, वाडीत चालू मोबाईल त्याच्या एकट्याकडे. पण जयराम म्हणाला, "आजवर आपलं टपाल कोणाच्या ना कोणाच्या मार्फत आलं. कधी पाटलाच्या, कधी दुकानदाराच्या. आता आपला सोताचा नंबर हाय. तोच लिव. कुलूप काय, आज ना उद्या निघंल."

तिने तोच लिहिला. सावकाश, दोनदा तपासून.

महिना गेला. पौर्णिमा दोन दिवसांआड टोकावड्याला जाऊन बूथवरून दवाखान्यात फोन करायची, कारण वैशाखऱ्याच्या बूथची लाइन तुटली होती. साहेबांना मात्र जयराम पुन्हा विचारू देईना, ते म्हणाले म्हणजे कळवतीलच. शेवटी दवाखान्यातली बाई वैतागली. "सारखे फोन करू नका. लागलं तर आमीच करू." म्हणून आठ दिवस तिने केला नाही. नवव्या दिवशी, शनिवारी, राहवलं नाही. मला काड्यांवर लावलं आणि दुपारी टोकावड्याला गेली.

ती गेली आणि इकडे विहारात बैठक बसली. विषय मीच.

महेंद्र म्हणजे वाडीच्या मंडळाचा सेक्रेटरी. ग्रामपंचायतीत शिपाई, पण बैठक अशी चालवायचा की लोकसभेने शिकून घ्यावं. रजिस्टर उघडून तो म्हणाला, "आपल्या पौर्णिमाच्या नोकरीचा प्रश्न हाय. नंबर आठ आकडी हाय. कोण्या एकाच्या डोक्यानं होणार नाय. म्हणून ठराव असा, की प्रत्येक घराला एक नंबर. मोठं घर, ल्हान घर, असा भेद नाय."

"अनुमोदन," मागून सावळी म्हणाली.

"तू कशाला अनुमोदन? तुझं घर शेवटून दुसरं."

"म्हणूनच घाई हाय."

जयरामचं घर यजमान, म्हणून त्याची पाळी शेवटी, अकरावी. पाहुण्यांना आधी वाढायचं असतं.

पहिला मान जैतूबुवांचा, वय ऐंशीच्या पुढे. ते उठले आणि म्हणाले, "कंपनी कुठली? अमेरिकेची. बाबासाहेब शिकले कुठं? अमेरिकेत. मंग तिथली शिकली-सवरली माणसं चौदा एप्रिल इसरली असतील का रे?"

 एवढा साधा मुद्दा आजवर कोणाला सुचला नव्हता. महेंद्रने उभं राहून दाबलं. एक चार शून्य चार, एक आठ नऊ एक. बरोब्बर आठ आकडे! लोक टाळ्या वाजवायच्या तयारीतच होते.

मी म्हणालो, चूक.

खरं सांगतो, असा नंबर पोटात असता तर मला आवडलं असतं. पण माझा कोड कोणीतरी यंत्राने काढलेला, त्याला ना आई ना बाप.

दुसऱ्या घराने धम्मदीक्षेची तारीख सांगितली, चौदा ऑक्टोबर छप्पन. तेही आठ आकडे. चूक. तिसऱ्या घराने महाडच्या तळ्याची. चूक. चौथं घर म्हणालं सहा डिसेंबर. त्यावर वाद झाला, दुःखाची तारीख शुभ कामाला घ्यायची का? मतदान झालं. सहा विरुद्ध चार. दाबली. चूक. पाचव्याने विहाराच्या पायाभरणीची तारीख दिली. त्यात सहा माणसांना सात तारखा आठवत होत्या. त्यातली एक दाबली, चूक. सहावं घर रेशनकार्डाचा नंबर. सातवं अनिकेतचं. तो जीप घेऊन मुरबाडला गेला होता, म्हणून त्याच्या आईने त्याची जन्मतारीख सांगितली. तीही चूक निघाली, आणि माझ्या माहितीप्रमाणे ती जन्मतारीख म्हणूनही चूक होती. आठवं घर लहानीचं. तिला अंगठ्यापलीकडे अक्षर माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मला एकच येतो," आणि आठ वेळा एक दाबला. त्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. नववं घर सुंदराचं. तिने आठही वेळा नऊ दाबला, कारण तिचं घर नववं.

मी आत मोजत होतो. एक राहिला.

आता तरी कोणीतरी उठावं. कोणाचं तरी पोर रडावं, लाइट जावी, काहीही. काही नाही. माणसं एकमेकांसाठी इतक्या शिस्तीत बसलेली मी अमेरिकेतही पाहिली नव्हती.

दहावं घर सावळीचं. तिने एक ते आठ सरळ दाबले. "कुलूप लावणारा पण कंटाळला असंल," ती म्हणाली. लोक हसले. कट्ट. आत माझं दार कायमचं लागलं. बाहेर पडद्यावर नेहमीचेच शब्द, कोड टाका. मला तेवढंच येतं.

तेवढ्यात पौर्णिमा धावत आली. घामाने निथळत होती. डाव्या तळहातावर बॉलपेनने आठ आकडे लिहिलेले.

टोकावड्याला काय झालं ते तिने एका दमात सांगितलं. यादीतल्या पहिल्या मुलीने नोकरी सोडली होती. हिला तीन दिवस फोन लावला, बंद. आज पाच वाजता शेवटचा लावणार. उचलला तर सोमवारी हजर, नाहीतर तिसऱ्या मुलीला बोलावणार. हिने बूथवरूनच सांगितलं, मीच पौर्णिमा, मी येते. बाई म्हणाली, तुमीच पौर्णिमा कशावरून? फॉर्मवर नंबर आहे, त्याच नंबरवर बोलायचं. बूथचा नंबर घ्या म्हटलं तर म्हणे, बदलायचा तर समक्ष अर्ज करा, पाचच्या आत. एसटीने कल्याणला पोचेपर्यंत सहा वाजले असते. मग तिने साहेबांना फोन लावला. साहेब ओरडलेच. "अगं, आठ दिवस तुझ्या बापाला कोड सांगायला फोन लावतोय, उचलत का नाही!"

"मिळाला!" महेंद्र ओरडला. विहारात एकच गलका झाला. जैतूबुवा डोळे पुसायला लागले.

पौर्णिमाने मला हातात घेतलं.  साहेबांनी तिला आणखी एक गोष्ट सांगितली होती. दहा वेळांची.

"आबा," ती हळूच म्हणाली, "किती जणांनी दाबला?"

"दहा घरं झाली गो!" जयराम हसत म्हणाला. "आपलंच राह्यलंय. तुझ्यासाठी ठेवलंय."

तिने तळहात बघून एकेक आकडा दाबला. आठही बरोबर. माझ्या उभ्या आयुष्यात मला पहिल्यांदाच कोणीतरी बरोबर नंबर दिला. मी तो वाचला, ओळखला, आणि म्हणालो, चूक. दहानंतरचा धरायचा नाही असा हुकूम आहे.

माझ्या पडद्यावर चार पन्नास झाले होते. मला एवढं मात्र चोख येतं.

तिने माझी पाठ उघडून सिम काढलं आणि रस्त्याकडे पळाली, एका मुठीत सिम, दुसऱ्या मुठीत मी. अनिकेतची जीप मुरबाडहून येते, त्याच्या मोबाईलमध्ये सिम घातलं तर फोन लागेल. फाट्यावर उभी राहिली. ट्रक गेला. मेंढरं गेली. चार अठ्ठावन्न. एक एसटी गेली, कंडक्टरने विचारलं, "येतेस काय?" पाच. पाच एक. ती माझ्याकडे बघायची आणि मी खरी वेळ सांगायचो. दुसरं काय करणार होतो?

अनिकेतची जीप पाच वीसला आली. त्याने काही न विचारता स्वतःचं सिम काढलं. दोघं विहाराच्या ओट्यावर येऊन बसले. त्याच्या मोबाईलवर दोन दांड्या आल्या. दवाखान्यात लावला, कोणी उचलला नाही. साडेसहापर्यंत नुसत्या दांड्याच होत्या.

घरी सोनूबाईने चहा ठेवला होता. जयराम दारातच उभा. "काय झालं गो?"

पौर्णिमाने तळहात पदराआड नेला. "काय नाय, आबा. ती अमेरिकेची कंपनीच बुडाली म्हणतात. कोड चालतच नाय कोणाचा."

"कोणाचाच नाय?"

"कोणाचाच."

जयरामने सुटकेचा श्वास सोडला. "मंग वाडीचा काय दोष नाय," तो म्हणाला. महेंद्रने तसंच रजिस्टरात लिहून घेतलं.

त्याला आता तीन वर्षं झाली. नोकरी तिसऱ्या मुलीला लागली. पौर्णिमा मुरबाडला एका कापडाच्या दुकानात दिवसभर उभी असते, ताग्यावरून मीटर मोजते. आता तिच्याकडे दुसरा मोबाईल आहे. तो उचलते आणि पहिल्यांदा विचारते, "कोण?" दवाखाना कधीच नसतो.

मी जयरामच्या सदऱ्याच्या खिशात असतो. तो मला अजून रोज काड्यांवर लावतो. लग्नाला जाताना रुमालाने पुसतो. कोणी विचारलं तर सांगतो, "कंपनी बुडाली, नायतर पोरीचं काम झालंच होतं. त्या दिवशी सगळ्या वाडीनं हात लावला होता बघा. एक घर मागं नाय राह्यलं." हे सांगताना तो ताठ उभा राहतो.

तेव्हा एक विनंती. माळशेजला जाताना कधी वैशाखऱ्याला थांबलात आणि खिशात मोबाईल मिरवणारा म्हातारा भेटलाच, तर कोड, कुलूप, दहा वेळा, असलं काही शहाणपण सांगू नका. तो विचारेल, "तुमी शिकलेले दिसता. असा मोबाईल कशानं बंद पडतो हो?"

माहीत नाही म्हणा. मीही तेच म्हणतो.