रात्रीचा माणूस

किपकेमोइने बोट पुढे केलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. नर्स चेरोतिचने सुई टोचली, यंत्रातला आकडा पाहिला, आणि पुन्हा पाहिला.

"काका, उपाशीपोटी या म्हटलं होतं ना?"

"उपाशीच आहे. रात्रभर नुसता चहा."

"दूधसाखर घातलेला?"

"मग काय कोरा? चहाच्या कारखान्यातला माणूस मी. चहाला कोण खाणं म्हणतं?"

ती हसली नाही. दोन दिवसांनी तो पाण्याच्या घोटावर आला, तरी साखर तेवढीच. पायाच्या अंगठ्याची जखम तर महिनाभर चिघळत होती.

"रात्रपाळी किती वर्षं?"

"सतरा."

"रात्री शरीर सुस्तावतं, तेव्हा तुम्ही त्याच्यावर मक्याच्या उगालीचा गोळा टाकता. ती साखर रक्तात पडून राहते. दिवसा झोप नाही, म्हणून भूक जास्त. औषध देते, पण पाळी बदला. नाहीतर आज अंगठा, उद्या पाय."

"मुली, माझं नाव काय? किपकेमोइ. म्हणजे रात्री जन्मलेला. मला रात्र बाधत नाही."

तिने चिठ्ठी लिहून त्याच्या हातात कोंबली.

त्या नावाच्या जोरावर त्याने सतरा वर्षं काढली होती. पानं सुकवायच्या पंख्यांशी दुसरे पेंगत, तेव्हा तो ताठ उभा असे. लोकांच्याही पाळ्या त्याने हौसेने अंगावर घेतल्या होत्या. आता दिवसपाळी मागायची म्हणजे सगळ्यांदेखत नाक कापून घेणं.

घरी येऊन त्याने चिठ्ठी चुलीजवळच्या सरपणावर टाकली आणि आडवा झाला. कोंबडे, गाईच्या गळ्यातली घंटा, शाळेला निघालेली पोरं. तासाभरात तो उठून बसला.

आई मका सोलत होती.

"कसला कागद रे?"

त्याने हसत हसत सगळं सांगितलं. ती हसली नाही. हातातलं कणीस बाजूला ठेवलं.

"रात्री झालास हे खरं. पुढचं तुला कुणी सांगितलंच नाही. जन्मलास, एकदा रडलास, आणि जो झोपलास तो उजाडेपर्यंत. मी घाबरून तुझ्या नाकाशी बोट धरून बसले होते. सुईण म्हणाली, झोपू दे, रात्र झोपायलाच असते."

किपकेमोइने अंगठ्याची सैल झालेली पट्टी नीट बांधली. मग त्याने सरपणावरची चिठ्ठी उचलली, राख झटकली आणि बूट चढवले. जखमेला बूट लागला तसे त्याने दात आवळले.

कारखान्यात मुकादम रोनो पाळ्यांची यादी लावत होता.

"अरे, दिवसाढवळ्या वाट चुकलास की काय?"

"मला दिवसपाळी द्या."

आसपासची माणसं थांबून बघू लागली. रोनोने चिठ्ठी उलटसुलट केली.

"हिच्यातलं अक्षर मला लागत नाही. कारण काय लिहू?"

कान तापले, तरी किपकेमोइने मान खाली घातली नाही.

"लिहा," तो म्हणाला, "रात्री झोप येते."