डबड्याला विसावा

"यूट्यूबवर येतं की अप्पा सगळं," हे वाक्य मल्लिकार्जुन उस्तुरगे यांनी त्या पावसाळ्यात इतक्या लोकांकडून ऐकलं, की पुढे पुढे समोरच्याने तोंड उघडायच्या आतच ते मान डोलवायला लागले. त्यामुळे बोलणाऱ्याचा वेळ वाचायचा. अप्पांचा वाचायचा नाही. त्यांच्याकडे वेळ भरपूर होता, दम मात्र कमी पडायला लागला होता.

अप्पा नांदेडच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त होऊन लातुरात घर बांधून राहिले होते. निवृत्त माणूस बाग करतो, व्याह्यांशी भांडतो किंवा गुडघ्यांवर व्याख्यान देतो. अप्पांनी या वयात टीव्ही रेकॉर्ड करणारा कॉम्प्युटर बांधायला काढला, तेव्हा कुणालाच त्याचा मेळ लागेना. विचारणाऱ्याला ते एकच उत्तर देत: "मॅचसाठी." अप्पांनी आयुष्यात एकही मॅच शेवटपर्यंत पाहिली नव्हती. पण मॅच म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

खरं कारण स्वयंपाकघरात होतं. त्यांच्या पत्नी रत्नम्मा लिंगायत मठातल्या महिला मंडळात शरणांची वचनं म्हणायच्या. म्हणायच्या म्हणजे अशा, की मठात बसल्या बसल्या झोपणारी ज्येष्ठ मंडळीसुद्धा जागी होत, आणि ज्येष्ठांच्या बाबतीत याहून मोठी पावती नाही. गेल्या वर्षी एका भक्तिवाहिनीच्या लोकांनी नांदेडच्या मंगल कार्यालयात पडदे लावून मंडळाचा कार्यक्रम टिपून नेला. त्यात रत्नम्मांचं एकटीचं एक वचन होतं. नंतर उन्हाळ्यात त्यांच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. आवाज बसू शकतो, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि तो बसला. गाठ गेली, जीव वाचला, आणि पलीकडच्या खोलीतून "चहा झालाय" म्हटलं तरी कुणीतरी रद्दीचा कागद फाडल्यासारखं ऐकू यायला लागलं.

त्यांचं गाणं फोनमध्येही कुठं नव्हतं. "देवाचं फोनात नको. खाली सासू-सुनेचे जोक, वरी माझं वचन," असं त्या म्हणायच्या आणि समोर धरलेला फोन हाताने बाजूला सारायच्या. आता कुणी गाण्याचा विषय काढला तर त्या उठून आत जात आणि पातेलं घासत. घासलेलंच.

अप्पांनी वाहिनीला फोन लावला. तिकडचा पोरगा फार नम्र होता. "काका, नवरात्रात नवमीला सकाळी अकरा वाजता लागेल. एकदाच. मग आम्ही ते पुसून टाकतो, जागा लागते ना."

"यूट्यूबवर?"

"टाकलं असतं काका, पण टाकणारा मुलगा सोडून गेला."

अशा रीतीने, सगळं जग ज्या यूट्यूबचा हवाला देत होतं, तिथलाच माणूस सोडून गेला होता. अप्पांनी रत्नम्मांना काही सांगितलं नाही. नवमीला तो गळा टीव्हीतून ऐकून त्या पातेलं घेऊन बसल्या तर काय करायचं? त्यापेक्षा आवाज पकडून ठेवावा आणि त्यांचं मन थाऱ्यावर आलं की एखाद्या दिवशी हळूच लावावा, असं त्यांनी ठरवलं.

भाचा सोमेश याचं नांदेडला कॉम्प्युटरचं दुकान होतं. मामाचा बेत ऐकून त्याने हातातला स्क्रू खाली ठेवला.

"मामा, लोक टीव्ही बघायचे बंद झाले अन् तुम्ही साठवून ठेवून राहिले? हे टीव्ही पकडायचं ट्यूनर कार्ड आता कोण विकून राहिलंय?"

"तू शोध. तुला काम काय?"

"लई कामं हायेत मामा. लोकांचे प्रिंटर अडकतात."

तरी त्याने शोधलं. कार्ड हैदराबादहून आलं. मग अप्पांच्या नांदेडच्या खेपा सुरू झाल्या. एसटीने जायचं, कंबर धरून उतरायचं, एक वस्तू घ्यायची, कंबर धरून परत यायचं, आणि घरी आल्यावर कळायचं की आणलेली वस्तू बसते पण तिचा स्क्रू बसत नाही. आडवी पेटी मिळाली, जुन्या टेपरेकॉर्डरसारखी, टीव्हीखाली शोभेल अशी. तिच्यात कमी आवाजाचा पंखा घातला, मोठी हार्ड डिस्क घातली. गच्चीवरच्या डिशची वायर दुहेरी करून एक टीव्हीला, एक पेटीला दिली. पहिल्या चाचणीत नुसता आवाज आला, चित्र नाही. दुसऱ्यांदा चित्र आलं, पण ते केसांच्या तेलाची जाहिरात सोडून पुढे जाईना. तिसऱ्यांदा सोयाबीनवरच्या किडीची चर्चा स्वच्छ रेकॉर्ड झाली, आणि अप्पांनी ती पुरी पाहिली. बांधणाऱ्याला किडीतही गोडी लागते.

मग त्यांनी संकटांचा बंदोबस्त केला. लाइट जाईल म्हणून पेटी इन्व्हर्टरवर घेतली. वानरं डिश हलवतील म्हणून गच्चीवर काटेरी फांद्या बांधल्या. आपण विसरू म्हणून वेळ आधीच लावून ठेवली: टीव्ही बंद असला तरी पेटी आपली आपण अकराला जागी होणार, टिपणार, पुन्हा झोपणार. सोमेशने फोनवर धीर दिला, "मधीच बंद पडली तरी तिथवरचं राहतं मामा. वाया जात न्हाई."

"बंद पडतेच कशाला?" अप्पा म्हणाले.

रत्नम्मा या सगळ्याला "डबडं" म्हणायच्या. पण रोज त्यावरची धूळ पुसायच्या आणि वर हात ठेवून बघायच्या. "तापून राहिलंय हो तुमचं डबडं. बिचाऱ्याला जरा दम तरी खाऊ द्या."

खंडेनवमी आली. सोमेशच्या दुकानातला नारळ दरसाल मामाने फोडायचा, असा रिवाज होता. अप्पांना तो यंदा सोयीचाच वाटला. घरी थांबलो तर अकराच्या ठोक्याला आपलंच तोंड आपल्याला फितूर होईल. आणि नांदेडला दुकानात भलामोठा पडदा आहे, तिथं निवांत बघता येईल. पहाटेच निघताना चप्पल घालता घालता ते सवयीने म्हणाले, "सगळ्या हत्यारांची पूजा नीट कर. काही सोडू नको."

हे वाक्य त्यांचे वडील म्हणायचे, मग ते म्हणू लागले. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांनी केला नाही.

नांदेडला पोचले तेव्हा दुकान झेंडूच्या माळांनी सजलं होतं आणि आत एकाही पडद्यावर उजेड नव्हता.

"मोठा टीव्ही लाव जरा," अप्पा म्हणाले.

"आज?" सोमेश हसला. "आज हत्यारांना सुट्टी मामा. तुम्हीच शिकवलंय. आजोबांचा तेलाचा घाणा, दारात भुईमुगाची गाडी उभी तरी नवमीला फिरला न्हाई. दरसाल सांगता की!"

असं म्हणत त्याने कोपऱ्यातल्या एका कॉम्प्युटरची पिन उपसली आणि डब्यावर विभूतीची तीन बोटं ओढली.

अप्पांच्या हातात नारळ होता. तो तसाच राहिला. त्यांच्या डोळ्यांपुढे लातूरचं घर आलं, टीव्हीखालची पेटी आली, आणि विभूतीची वाटी घेऊन पुढे सरकणाऱ्या, काहीही न सोडणाऱ्या रत्नम्मा आल्या.

"मामा, फोडा ना."

"थांब. फोन करू दे."

फोन बंद लागला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. सोमेशने मान डोलावली. "मामींनी फोनला पण कुंकू लावलं असेल. आमच्या घरी लावतात."

अप्पांनी नारळ असा फोडला, की अर्धी करवंटी रस्त्यापलीकडच्या चपलांच्या दुकानात गेली. मग ते जेवायलाही न थांबता परतीच्या एसटीत बसले. खिडकीतून अहमदपूर गेलं, ऊस गेला, माळ गेला. वानरांचा बंदोबस्त केलेला माणूस वाटेत एकही वानर न दिसता घरी पोचला.

ओसरीवर सगळी मंडळी ओळीने बसली होती: स्कूटर, शिलाई मशीन, मिक्सर, पाना, पक्कड, आणि पाटावर मोबाइल. सगळ्यांना एकेक झेंडू. आत टीव्हीखाली पेटीवर विभूतीचे तीन पट्टे, वर कुंकू, आणि पंख्याच्या जाळीत अडकलेल्या दोन अक्षता.

"कधी बंद केलंस हे?"

"पूजेच्या वक्ताला. आपोआप सुरू झालं होतं, लाल दिवा लुकलुकत होता. म्हटलं, घाईत चालू ठेवून गेलात." रत्नम्मांचा आवाज बोलता बोलता मध्येच विरला, आणि त्यांनी घसा खाकरून तो परत आणला. "बटण सापडलं न्हाई, म्हणून पिनच काढली. चालू मशीनला इबूत लावतात का कुठं?"

अप्पांनी पिनेकडे हात नेला.

"अय्य, हात लावू नका! उद्या उत्तरपूजा झाल्याबगर न्हाई."

"अगं, एकच मिनिट..."

"मामंजींनी दारात गाडी उभी असताना घाणा थांबवला होता. अन् तुम्हाला एक मिनिट थांबवत न्हाई? असं काय होतं त्यात?"

"मॅच."

"आज कुठली मॅच?"

अप्पा खुर्चीत बसले. दिवसभराची एसटी त्यांच्या पाठीत अजून चालूच होती. खोटं बोलायलाही अंगात काही लागतं, तेवढंही उरलं नव्हतं.

"तुझं होतं," ते म्हणाले. "ते नांदेडचं. एकदाच लागणार होतं. लागून गेलं."

रत्नम्मा आत गेल्या. थोड्या वेळाने पातेलं घासल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही. रात्री भाकरी वाढताना त्या ताटाकडेच बघत होत्या. अप्पांनीही वर पाहिलं नाही. पेटी कोपऱ्यात विसावा घेत होती. त्या घरात तेवढी एकटीच विसावली होती.

दसऱ्याला सकाळी अप्पांना जाग आली ती घंटेच्या आवाजाने. एरवी सगळं आवरून, नैवेद्य होऊन मग उत्तरपूजा व्हायची. आज रत्नम्मांचे केस अजून ओलेच होते.

"उठा," त्या म्हणाल्या. "झाली पूजा. घाला पिन."

अप्पांनी अक्षता चिमट्याने काढल्या. पिन घातली. पंखा विभूती उडवत फिरायला लागला. यादीत कार्यक्रमाचं नाव होतं. अप्पांनी रिमोट दाबला.

आधी निवेदिका बोलली. मग अगरबत्तीवाल्यांचे आभार. मग समितीचे अध्यक्ष, जे संस्कृतीवर बोलायला उभे राहिले आणि उभेच राहिले. मग सगळ्या बायकांचं मिळून एक वचन. आणि मग पडद्यावर जांभळ्या इरकलीतल्या रत्नम्मा एकट्या आल्या. त्यांनी पदर सारखा केला, कॅमेऱ्याकडे चोर बघतात तसं पाहिलं, डोळे मिटले आणि सूर लावला. मोकळा, सरळ, उन्हात धुतलेल्या लुगड्यासारखा. पहिली ओळ झाली. दुसरी अर्ध्यावर आली.

पडदा काळा झाला.

इथे पिन निघाली होती. अप्पांनी मागं वळून पाहिलं नाही. पातेल्याचा आवाज येईल म्हणून ते कान देऊन बसले.

आला तो दुसराच आवाज. मागून, दाराशी उभ्या असलेल्या बाईचा, फाटका, जागोजाग विरलेला. त्याने दुसरी ओळ जिथे तुटली होती तिथून उचलली आणि पुढे नेली. तिसऱ्या ओळीत तो मोडला. थांबला. घसा खाकरला. मग जिथे मोडला तिथूनच पुन्हा निघाला, आणि कुठे सुरात, कुठे नुसता बोलत, शेवटपर्यंत गेला.

अप्पा काळ्या पडद्याकडे बघत होते. हातातल्या रिमोटचं एकही बटण त्यांनी दाबलं नाही. जरा हललो तर आपण ऐकतोय हे तिला कळेल आणि ती थांबेल, असं त्यांना वाटलं.

"तिसऱ्या ओळीला तवाही चुकले होते मी," रत्नम्मा म्हणाल्या. मग पदराने तोंड पुसत खुर्चीशेजारी येऊन खाली बसल्या.

"मागं घ्या जरा. तो अध्यक्ष सोडून."